दालचिनी सोलणाऱ्यांचा इतिहास

युरोपीय लोक मसाल्यांच्या शोधार्थ पूर्वेकडे आले, हे वाक्य आपल्या शालेय इतिहासात इतक्या सहजतेने येते आणि पुढील लढायांच्या व तहांच्या सनावळीत इतक्या लवकर विरून जाते, की तो मसाला रानातून गलबतापर्यंत कोणाच्या हातांनी पोचला, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवण्यास अवकाशच उरत नाही. सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, दालचिनीपुरते तरी हे मौन अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तेथील मक्तेदारी आरमाराच्या बळावर जितकी उभी होती, तितकीच एका जातीच्या वेठीवर उभी होती.

ती जात सालागमांची. दक्षिण हिंदुस्थानातून तेथे गेलेल्या विणकरांचे हे वंशज, असे परंपरा सांगते. राजाने दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात दालचिनी सोलून द्यावी, ही त्यांची चाकरी सिंहली राजांच्याच काळी ठरलेली होती, तेव्हा वेठीचा शोध युरोपियांनी लावला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पोर्तुगीजांनी आधी कोट्टेच्या राजाकडून दालचिनीची खंडणी घेऊन पुढे त्याचे राज्यही गिळले आणि ‘महाबद्द’ हे दालचिनीचे खाते आपल्या कप्तानाच्या हाती दिले, तेव्हा त्या चाकरीची जुनी मर्यादा सुटली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता याने (मुंबईचे बेट ज्याला पट्ट्याने मिळाले होते, तोच हा वैद्य) सिंहलची दालचिनी मलबारच्या सालीपेक्षा श्रेष्ठ ठरवली आहे. त्या श्रेष्ठतेची किंमत सालागमांनी मोजली.

काम मोठ्या कसबाचे. पावसाने फांद्यांत रस चढला की सरळ फोक तोडावयाचे, वरची खरबरीत साल खरवडून टाकावयाची, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करावयाची, सुरीने उभा छेद देऊन ती अखंड सोडवावयाची, आणि एकीत एक सारून, पोकळीत बारीक तुकडे भरून, ती नळी सावलीत वाळवावयाची. हे काम वाटेल त्याच्याकडून करवून घेता येत नसे, म्हणून कसबी माणसालाच जखडून ठेवण्याकडे राज्यकर्त्यांचा कल झाला.

पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी कँडीच्या दुसऱ्या राजसिंहाने १६३८ साली डचांशी तह केला. १६५८ पर्यंत पोर्तुगीज बेटावरून नाहीसे झाले, पण युद्धखर्चाच्या सबबीवर किनारा डचांनी आपल्याकडेच ठेवला. आले देऊन मिरची घेतली, असे सिंहली लोक या व्यवहाराविषयी म्हणतात. डच कंपनीचा अंमल दफ्तरी शिस्तीचा होता, आणि ती शिस्तच सर्वांत निष्ठुर ठरली. सालागम मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याचे नाव वहीत चढे आणि ठराविक वजनाची दालचिनी त्याच्याकडून येणे निघे. परवानगीवाचून साल सोलणे, विकणे किंवा झाड तोडणे यांस देहान्तापर्यंत शिक्षा होती. एवढ्या जुलमाने जमवलेला माल, भाव उतरू नये म्हणून, १७६० साली ॲम्स्टरडॅममध्ये जाळण्यात आला. आणि त्याच सुमारास सिंहलच्या किनाऱ्यावरील रयतेने बंड केले, ज्याच्या कारणांपैकी एक, दालचिनीची राने राखण्यासाठी रयतेच्या शेतीवर घातलेली बंधने, हे होते. हे दोन प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकात एकमेकांशेजारी छापले गेले पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणतो.

लावलेल्या झाडाची साल रानातल्यासारखी उतरत नाही, हा समज फाल्क या गव्हर्नराने १७६९ मध्ये कोलंबोजवळ बाग लावून मोडून काढला, पण तेवढ्याने सालागमांची वेठ उठली नाही. १७९६ मध्ये इंग्रज आले, तरीही ती चालूच राहिली. १८३२ साली ती रद्द झाली, ती मोकळ्या मजुरीच्या अर्थशास्त्रापायी. पुढच्याच वर्षी मक्ताही संपला, परंतु निर्यातीवरील भारी जकात राहिली आणि स्वस्त चिनी सालीने व जावाच्या मालाने बाजार बळकावला. श्रीलंकेत आजही दालचिनी हातानेच सोलली जाते, आणि ते कसब जाणणारी माणसे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, कारण आपल्या मुलाने या धंद्यात पडावे असे सोलणाऱ्यास वाटत नाही. मागील तीन शतके पाहता त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही.