कोथळीची ग्रामपंचायत आणि दिल्लीचे मंत्रिपद

९ जून २०२४ रोजी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात रक्षा खडसे यांनी केंद्रीय राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा खान्देशात साहजिकच आनंद व्यक्त झाला. युवक व क्रीडा खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वृत्तपत्रांनी त्यांचे वय, त्यांचे घराणे आणि सलग तिसरा विजय यांवर रकाने भरले. या प्रवासाची पहिली पायरी मात्र कोथळीची ग्रामपंचायत होती, ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकली गेली. आमच्या मते खरी दखल घेण्याजोगी गोष्ट तीच आहे.

मुक्ताईनगरजवळचे कोथळी वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत मुक्ताबाईंच्या जुन्या मंदिरामुळे. या गावाच्या रक्षाताई २०१० मध्ये सरपंच झाल्या. त्यानंतर जळगाव जिल्हा परिषदेत निवडून जाऊन त्यांनी सभापतिपद सांभाळले, आणि २०१४ मध्ये, जेमतेम सत्ताविशीत, रावेर मतदारसंघातून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने त्या लोकसभेत पोहोचल्या. जिल्हा परिषदेत ज्या समितीचे काम त्यांनी पाहिले, तिच्याकडे शिक्षण आणि आरोग्याबरोबरच क्रीडा हाही विषय होता. पुढे दिल्लीत तेच खाते वाट्याला यावे, हा योगायोगच म्हणायचा!

यावर टीकाकार म्हणतील, की ही तर घराणेशाही. हा आक्षेप झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकनाथराव खडसे यांनी १९९० पासून जवळजवळ तीन दशके त्या मतदारसंघाचे विधानसभेत प्रतिनिधित्व केले. त्यांच्या सुनेसाठी दार अर्धे उघडेच होते, हे कोण नाकारील? परंतु दार उघडे असणे वेगळे आणि घरातील वडीलधारी व्यक्ती दुसऱ्या वाटेने गेल्यावरही स्वतःच्या जागी उभे राहणे वेगळे. ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. सूनबाई भाजपतच राहिल्या. एकाच घरात दोन झेंडे असताना कार्यकर्त्यांचा विश्वास टिकवणे किती अवघड असते, हे ज्यांनी गावकीचे राजकारण जवळून पाहिले आहे त्यांना सांगावे लागू नये.

खान्देशाला दिल्लीची वाट नवी नाही. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनसंघाचे देशभरात अवघे चार खासदार निवडून आले होते. त्यांत अटलबिहारी वाजपेयी जसे होते, तसेच धुळ्याचे उत्तमराव पाटीलही होते. याच जळगाव जिल्ह्यातून १९६२ मध्ये प्रथम विधानसभेत गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. पुढे खडसे यांचा झालेला एदलाबाद मतदारसंघ आधी त्यांचाच होता. धुळ्याचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुभाष भामरे २०१४ मध्ये खासदार आणि २०१६ ते २०१९ या काळात संरक्षण राज्यमंत्री होते. अर्थात, प्रत्येकाला ग्रामपंचायतीतूनच जावे लागते असे नाही. पण बहुसंख्य सामान्य कार्यकर्त्यांपाशी ना डॉक्टरकीची प्रतिष्ठा असते, ना घराण्याचे नाव. त्यांना तीच एक पायरी असते.

फ्रान्समध्ये या पायरीचे महत्त्व इतके, की तेथील पुढारी वर चढल्यावरही ती सोडत नसत. जाक शाबाँ-देल्मास हे १९४७ ते १९९५ अशी अठ्ठेचाळीस वर्षे बोर्दो शहराचे महापौर होते आणि त्यातच १९६९ ते १९७२ या काळात देशाचे पंतप्रधानही. जाक शिराक यांची सुरुवात १९६५ मध्ये एका खेड्याच्या नगरसभेत झाली. १९८६ ते १९८८ मध्ये ते पंतप्रधान होते तेव्हा पॅरिसचे महापौरपदही त्यांच्याचकडे होते. एका माणसाने दोन खुर्च्या अडवल्या, की खालचा कार्यकर्ता वर येणार कसा, या प्रश्नामुळे अखेर २०१४ मध्ये कायदा झाला आणि २०१७ पासून खासदारांना महापौरपद भूषवण्यास मनाई झाली.

तिकडे खुर्ची सोडत नव्हते म्हणून कायदा करावा लागला. आपल्याकडे खुर्चीच रिकामी राहिली. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सदस्यच नव्हते. धुळ्याच्या जिल्हा परिषदेचीही मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि गटरचना यांवरील वाद न्यायालयात रेंगाळले. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. प्रशासक कामे करीत नाहीत असे नाही. काही ठिकाणी ती अधिक शिस्तीनेही होत असतील. पण सभागृहात उभे राहून अंदाजपत्रकावर प्रश्न विचारायला शिकणे, शाळेच्या गळक्या छपरासाठी अभियंत्याच्या मागे लागणे, विरोधकाचे ऐकून घेणे, हे शिक्षण प्रशासकाच्या दालनात मिळत नाही. आणि या विलंबाच्या काळात राज्यात आपल्याच विचारांचे सरकारही होते, तेव्हा सगळा दोष परक्यांच्या माथी मारण्याची सोय आपल्याला नाही.

स्त्रियांच्या दृष्टीने तर ही हानी अधिकच मोठी. राज्याने २०११ मध्ये स्थानिक संस्थांतील अर्ध्या जागा महिलांसाठी राखून ठेवल्या. रक्षाताईंप्रमाणे सरपंचपदापासून आरंभ करणाऱ्या किती जणी जिल्हा परिषदेच्या उंबरठ्यावर थांबल्या असतील!

चोपडा तालुक्यातील अशाच एका माजी सरपंच भगिनीशी मागे बोलणे झाले. गटाचा नकाशा, वाड्या-वस्त्यांची नावे, कोणत्या पाड्यावर हातपंप बंद आहे, सारे त्यांच्या वहीत नोंदलेले होते. वही २०२१ सालची होती.