सापडलं नाही म्हणजे नाहीच का?

मंडळी, परवा तीन दिवस एका 'नाही'शी झटापट केली. त्याची ही गोष्ट.

आमच्या शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पानं मी स्कॅन करून ठेवतो आहे. पंचाहत्तरी उलटली, आपल्यामागे ती राहावीत म्हणून एक प्रत पुण्याला पुतण्याच्या संगणकावर पाठवायची होती. दोन्हीकडे लिनक्स. अशा कामासाठी आरसिंक नावाची आज्ञा आहे. ट्रिजेल आणि मॅकेरस या जोडीने ती १९९६ साली आणली. तिला दोन्ही टोकांना आपला माणूस लागतो, इकडे देणारा आणि तिकडे घेणारा. इकडचा आरसिंक एसएसएचच्या वाटेने तिकडच्या संगणकाला सांगतो, "तुझ्याकडचा आरसिंक सुरू कर."

उत्तर आलं : 'आरसिंक : कमांड नॉट फाउंड'. मला वाटलं, माझ्याकडेच काही बिघडलं. दोनदा काढून पुन्हा बसवलं. तिसऱ्या दिवशी संदेशाची शेवटची ओळ वाचली. तिच्यात 'रिमोट' हा शब्द होता आणि १२७ हा आकडा. म्हणजे तक्रार पलीकडची! प्रश्न पूर्ण वाचा म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारा मी, स्वतः मात्र पहिल्याच ओळीवर थांबलो होतो.

मग पुतण्याच्या संगणकावर लॉगिन करून पाहिलं, तर आरसिंक तिथे हजर! त्याने तो नेहमीच्या जागी न ठेवता ऑप्टमधल्या बिन या फोल्डरात ठेवला होता, एवढंच. आपण रीतसर लॉगिन केलं की शेल प्रोफाइल नावाची फाइल वाचतो आणि त्यात लिहिलेल्या जागाही शोधतो. बाहेरून नुसती एक आज्ञा धाडली तर तो लॉगिन शेल नसतो, ती फाइल वाचतच नाही. पाथ, म्हणजे शोधायच्या जागांची यादी, तोकडी राहते. ती यादी एसएसएचने मागवून पाहिली, तिथेही फसलो. दुहेरी अवतरणचिन्हांत 'डॉलर पाथ' लिहिल्यामुळे माझ्याच संगणकाची यादी आली. एकेरी चिन्हं घातली तेव्हा तिकडची दिसली, आणि तिच्यात ऑप्ट नव्हता. शेवटी 'आरसिंक-पाथ' या पर्यायाने पूर्ण पत्ता दिला आणि पानं भराभर गेली.

माझं म्हणणं असं, की 'सापडलं नाही' एवढं सांगून भागत नाही. कुठे कुठे शोधलं तेही सांगायला हवं. पण हे यंत्राला सुनावण्याचा अधिकार मला आहे का?

खूप वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. तपासणीच्या दिवशी साहेबांनी त्याला क्षेत्रफळाची व्याख्या विचारली. तो खाली मान घालून उभा राहिला. मी शेरा मारला 'गणित कच्चे' आणि स्कॉलरशिपला बसणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. पुढे उन्हाळ्यात त्याच्या वाडीवर गेलो, तर हा बांधावर उभा राहून वडिलांना तोंडी सांगत होता, तेहतीस बाय तेहतीस फुटांचा एक गुंठा, तर आपल्या तुकड्यात किती बसतील. हिशेब चोख होता. गणित त्याच्याकडे होतंच. साहेबांनी आणि मी जिथे शोधलं, तिथे ते ठेवलेलं नव्हतं. तोवर परीक्षा होऊन गेली होती.

पुतण्याच्या संगणकाला पूर्ण पत्ता द्यायला मला तीन दिवस लागले. त्या पोराला 'तुझ्या शेताचं सांग' एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं.

असो. अंकांमधल्या एका पानावर त्याच्या अक्षरातली एक कविता आहे. ती पुण्याला नीट पोचली.