आधी भार तपासा

वरसावे नाक्यावर घोडबंदरचा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि लगेच वसईच्या खाडीवरचे पूल लागतात. त्यांतल्या जुन्या पुलाला २०१३च्या अखेरीस तडा गेल्याचे दिसले. २०१६मध्ये पुन्हा तेच झाले. महिनोन्महिने अवजड वाहनांना बंदी राहिली आणि वाहतूककोंडीने लोकांचा जीव मेटाकुटीला आला. तरी ‘तडा असू दे, ट्रक सोडा’ असे कोणी म्हटले नाही. २०२३मध्ये शेजारी नवा चौपदरी पूल खुला झाला. पुलावर माणसे सोडण्याआधी त्याला भार पेलतो की नाही हे पाहायचे असते, एवढे शहाणपण आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

३ जानेवारी २०२६ रोजी सावित्रीबाई फुले यांच्या जन्माला १९५ वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्र हा दिवस बालिका दिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने तेच शहाणपण आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी मागत आहोत.

मागण्याचे कारणही त्याच दिवसांतले आहे. ‘एक्स’ या समाजमाध्यमावर बायकांनी स्वतःच टाकलेले साधे फोटो उचलायचे आणि त्यांतले कपडे काढायला ‘ग्रोक’ या यंत्राला सांगायचे, असा किळसवाणा प्रकार त्याआधी काही दिवस राजरोस चालला होता. यंत्र सांगकाम्यासारखे ते करून देत होते. तेव्हा महाराष्ट्रातून राज्यसभेवर असलेल्या खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी केंद्राला पत्र लिहिले, २ जानेवारीला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘एक्स’ कंपनीला नोटीस दिली आणि ७२ तासांत उत्तर मागितले. नोटीस योग्यच आहे. पण ती पूल खचल्यावरची आहे. कोणी बाईचा फोटो देऊन असे काही मागेल, ही शक्यता यंत्र खुले करण्याआधी कोणाही जाणत्या बाईने पहिल्या दिवशी सांगितली असती. तिला विचारले गेले नाही, किंवा तिचे ऐकले गेले नाही. दोन्हींचा अर्थ एकच.

सप्टेंबर २०२५मध्ये आशा भोसले यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या आवाजाची नक्कल करणारी साधने परवानगीविना उपलब्ध करून देणे हे त्यांच्या व्यक्तिमत्त्वावरील हक्काचे उल्लंघन आहे, असे न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटले. आठ दशके कमावलेला आवाज बाईचा स्वतःचा असतो, हे न्यायालयाच्या आदेशात उमटले याचे मोल मोठे आहे. पण आशाताईंना न्यायालय गाठता आले. आमच्याकडच्या चेण्याच्या किंवा काजूपाड्याच्या नववीतल्या मुलीचा फोटो असा विटाळला गेला, तर तिने कोणाकडे जायचे? आपल्याकडे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि मोबाइल काढून घेतला जातो तो तिचा. पुढे कधी शाळाही सुटते.

तिच्या बाजूने कायदा आहे, तो घराघरांत माहीत असायला हवा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, संबंधित व्यक्तीने तक्रार केली की असे चित्र ठरलेल्या मुदतीत काढणे समाजमाध्यमांवर बंधनकारक आहे, आणि त्यात बनावट चित्रेही येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. १ ऑक्टोबर २०२० पासून वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांना एकच पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे हद्दीचा वाद घालण्याचेही कारण उरलेले नाही. या सगळ्याच्या आधी घरातले पहिले वाक्य बदलायला हवे. ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ हे नव्हे, ‘तुझी चूक नाही, आम्ही आहोत’ हे.

सुरक्षिततेइतकाच प्रश्न न्यायाचा आहे. २०१८मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के निघाले; सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे पुलावरून फक्त मोटारी सोडून पाहिल्या आणि तो सगळ्यांसाठी मजबूत असल्याचे जाहीर केले.

आपल्या दारातले उदाहरण अंगणवाडीचे. १ जुलै २०२५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार देण्याआधी ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर त्यांचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता चेहरा बाळंतपणाने ओढलेला; ओटीपी गेलेला नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा कामावर; त्यात पाड्यावर रेंज नाही. अशा अडचणी सेविका आणि त्यांच्या संघटना सांगत आल्या आहेत. आहाराची चोरी थांबावी हा हेतू चांगला आहे. पण यंत्राने ओळखले नाही म्हणून ओली बाळंतीण रिकाम्या हाताने परतत असेल, तर यंत्राच्या उणिवेचा दंड तिने का भरावा?

हा दोष यंत्रात येतो कुठून? यंत्र शिकते ते माणसांनी लिहून ठेवलेल्यातून. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडायला असे एक यंत्र बनवले होते. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांत पुरुषच जास्त, म्हणून अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द दिसला की ते गुण कमी करू लागले. ही हकीकत २०१८मध्ये उघड झाली. पण यामागचा प्रश्न मराठीत त्याच्या कितीतरी आधी विचारला गेला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले, ते शास्त्रे, नाटके आणि कादंबऱ्या वाचून. स्त्रीच्या माथी मारलेले दोष लिहिणारे हात कोणाचे, हे त्यांनी रोखठोक विचारले. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज तेच लिखाण यंत्राच्या पोटात चालले आहे. मराठीत तर क्रियापदच लिंग सांगते. इंग्रजीतला ‘डॉक्टर’ आपल्याकडे ‘आला’ होतो की ‘आली’, हे आता यंत्र ठरवते आणि बहुधा ‘आला’ म्हणते. बायकांची मराठी नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्याच एक लाखाहून अधिक आहेत. यंत्राला मराठी शिकवायची, तर ती मराठीही शिकवा, गाणाऱ्या बायकांची संमती, नाव आणि मोबदला यांचा मान ठेवून.

१५ जानेवारी २०२६ला आमच्या मीरा-भाईंदर महापालिकेसाठी मतदान झाले. ९५ जागांपैकी जवळपास निम्म्या महिलांसाठी राखीव होत्या. मते मागायला आलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला आमचे सांगणे असे: पालिकेच्या प्रत्येक शाळेत मुलींना आणि विशेषतः मुलग्यांना हा विषय शिकवा. कोणतीही यंत्रप्रणाली घेताना ती इथल्या बायकांबरोबर तपासल्याचा दाखला मागा. आणि यंत्र चुकले तरी सेवा थांबणार नाही, निर्णय माणूस देईल, असे लेखी ठरवा.

पूल खुला होतो तेव्हा कागदावर तो तपासणाऱ्या अभियंत्याची सही असते. उद्या काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या सहीमुळे कळते. मुलींच्या आयुष्यावरून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे तशी सही हवी. सावित्रीबाईंनी ज्यांच्या हाती पाटी दिली, त्यांच्या खापरपणत्या आज अभियंत्या आहेत. ती सही त्यांची असू द्या.