घर भाड्याने दिले, शेजार नव्हे

चांदवडच्या नव्या वसाहतींत उकिरडा शोधत फिरावे लागत नाही. मोकळा प्लॉट आणि भाड्याने दिलेले घर जिथे एकमेकांना खेटून आहेत, तिथे तो बहुतेक सापडतोच. प्लॉटचा मालक नाशिकला नाहीतर ठाण्याला असतो. गुंतवणूक म्हणून त्याने जागा घेतली आणि साधे तारेचे कुंपणही घातले नाही. घराचा मालक गावातच असतो, पण दोन गल्ल्या पलीकडे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे घ्यायला तेवढा उगवतो. वास मात्र घेत बसतो तिसराच, शेजारी.

या शेजाऱ्याला गाव चार सल्ले देते. भाडेकरूंना हाकला, हा पहिला. ज्याची जागा त्याची मर्जी, तुम्ही कोण बोलणार, हा दुसरा. नगरपरिषद कशाला आहे, हा तिसरा. आणि वाकड्यात कशाला शिरता, स्वतःच झाडू घ्या नि उचला, हा चौथा. चारही सल्ले ऐकायला शहाणपणाचे वाटतात. पण ज्याच्या खिशात भाडे जाते त्याला हे चारही सल्ले अलगद मोकळे सोडतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. भाड्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याला पहिला जबाबदार घरमालक. बाकीचे सगळे त्याच्यामागून.

पहिला सल्ला आधी घेऊ. ‘बाहेरची माणसं आली आणि गावाची रया गेली’ हे वाक्य आपल्याकडे फार बोलले जाते. हे गाव मुळात आग्रा रोडवरचे. होळकरांची टांकसाळ इथे होती, त्यांचा रंगमहाल इथे उभा आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला चारी दिशांनी माणसे येतात. १९२८ पासून नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाने इथे शिक्षण उभे केले आणि आज अभियांत्रिकीपर्यंतची पोरे त्या आवारात शिकतात. कांद्याच्या मोसमात मार्केटला हमाल लागतात, खळ्यावर निवडायला बाया लागतात. बाहेरच्या माणसाला या गावाने कायम जागा दिली आणि त्याच्या पैशावर गाव चालले. पैसा गोड आणि माणूस कडू, हा हिशेब खरा नाही.

तरीही कोणाला भाडेकरूच दोषी वाटत असेल, तर त्याने एकदा नाक धरून ढिगाऱ्याजवळ उभे राहावे आणि तो खालून वर बघावा. तळाशी विटांचे तुकडे, वाळूची चाळ, सिमेंटच्या फाटक्या गोण्या. हा माल भाडेकरूचा नव्हे. घर बांधून झाल्यावर मालकाने ट्रॅक्टरचे भाडे वाचवले आणि उरलेसुरले शेजारच्या प्लॉटवर लोटले. त्यावर सडका कांदा आणि वाळकी पात, ती जवळच्या चाळीतली. मग फरशीचे तुकडे, कोणाच्या तरी बाथरूमच्या दुरुस्तीचे. हे सगळे गावातल्या पक्क्या रहिवाशांचे. सर्वांत वर तेवढ्या गाठ मारलेल्या काळ्या पिशव्या. त्यात कालची भाजी, मॅगीची वेष्टने, दाढीची ब्लेड, बाळाचे डायपर. या पिशव्या कुत्री फाडतात, गाय त्यात तोंड घालते, उरलेले नालीत जाते आणि पहिल्या पावसात नालीचे पाणी रस्त्यावर येते. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी २०१८ साली आली, उकिरड्याला ती अजून कळलेली नाही. सांगायचे एवढेच की भाडेकरूचा थर वरचा असतो, म्हणून तोच दिसतो. पाया दुसऱ्याने घातलेला असतो.

आता त्या वरच्या थरामागची खोलीही पाहा. दहा बाय बाराची जागा, चार पोरे, चार गाद्या, दोरीवर कपडे, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. खोलीत पंखा आहे, वायफाय आहे, भिंतीवर देवीचे कॅलेंडर आहे. कचऱ्याचा डबा नाही. मालकाने दिला नाही, पोरांनी आणला नाही. घंटागाडी गाणे वाजवत सकाळी गल्लीत येते तेव्हा पोरे कॉलेजला निघून गेलेली असतात. खळ्यावर जाणारी बाई तर त्याआधीच बाहेर पडलेली असते. अशा घरातली पिशवी रात्री अंधारात प्लॉटवर जाणार नाही तर कुठे जाणार? भाडेकरू निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. रस्त्यावर, नालीत, मोकळ्या जागेत कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा करणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. भाडेकरू त्यातून सुटत नाही. पण त्याला हाकलून काय होते? तो जातो, दुसरा येतो. डबा नसलेली खोली तीच राहते, गाडीची वेळ तीच राहते आणि महिनाभरात ढीगही तोच.

दुसरा सल्ला मालकीचा. ‘माझी जागा, माझी मर्जी’ असे म्हणणाऱ्याने मर्जीची हद्द कुठे संपते ते एकदा सातबाऱ्यावर नाहीतर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघून घ्यावे. वासाला, डासाला आणि तुंबलेल्या नालीला ती हद्द कळत नाही. कायद्याला मात्र ती चांगली कळते. सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ ने तो हजारापर्यंत नेला. रक्कम चिल्लर आहे हे खरे, पण मर्जीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ज्या शहरांना लागू आहे, तिथे भाडेकरूचा शेजाऱ्यांना उपद्रव हे घर खाली करून घेण्याचे एक कारण म्हणून कलम १६ मध्ये नोंदले आहे. म्हणजे शेजाऱ्याचा त्रास ही मालक-भाडेकरू व्यवहारातली बाब आहे, हे विधिमंडळाने केव्हाच मानले. त्याच कायद्याचे कलम ५५ सांगते की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची. आपल्याकडे मात्र निम्मे व्यवहार तोंडी, उरलेले कोऱ्या स्टॅम्पवर. ज्याने कागदच केला नाही त्याने ‘भाडेकरू ऐकत नाही’ अशी तक्रार करायची सोयच ठेवलेली नाही.

तिसरा सल्ला नगरपरिषदेवर ढकलण्याचा. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आग्रा रोडने इंदूर गाठा, तिथून पुढे रतलाम. तिथल्या एका वस्तीतले लोक उघड्या गटारांना, घाणीला आणि डासांना कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की तिजोरी रिकामी आहे हे सांगून नगरपालिकेला आरोग्याच्या कर्तव्यातून अंग काढून घेता येणार नाही. ‘रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद’ हा खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. तेव्हा गाडी फिरवणे, नाली उपसणे, ढीग उचलणे ही नगरपरिषदेची कामे आहेत आणि ती मागितलीच पाहिजेत.

पण त्या खटल्यात लोकांनी आधी स्वतः अर्ज केला होता, हे आपण विसरतो. शिवाय नगरपरिषदेने आज उचललेला ढीग आठवड्याने तिथेच उभा राहत असेल, तर ते उचलणे नव्हे, नुसती हमाली झाली. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. गाव छोटे, पैसा बेताचा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरातच कचरा वेगळा करायची शिस्त बसली, ओल्यापासून बायोगॅस निघू लागला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेले आणि कचरा टाकायच्या जागेची बाग झाली. हे गाड्यांच्या संख्येने झाले नाही. वेगळा केलेला कचरा दारातून निघाला, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. आता प्रश्न असा की भाड्याच्या खोलीत ही शिस्त कोण लावणार? दर अकरा महिन्यांनी बदलणारा भाडेकरू, की पंचवीस वर्षे घरपट्टी भरणारा मालक?

चौथा सल्ला सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. ‘भांडण कशाला? गाडगेबाबांसारखा झाडू घ्या.’ बाबांचे नाव घेतले की समोरच्याचे तोंड बंद होते, हे सल्ला देणाऱ्याला माहीत असते. पण बाबा नुसते झाडत नव्हते. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात समोर बसवून प्रश्नांच्या फैरी झाडायचे. घाण करणाऱ्याला घाण केल्याचे ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. आपण झाडू तेवढा उचलला, कीर्तन सोडून दिले. दुसऱ्याचा उकिरडा मुकाट्याने उपसणाऱ्या शेजाऱ्याला गाव संत म्हणत नाही, फुकटचा सफाई कामगार समजते, आणि पिशव्या वाढतात. याच सल्ल्याची रागीट बहीण म्हणजे त्यांचा कचरा उचलून त्यांच्याच दारात टाकणे, नाहीतर ढिगाला काडी लावणे. पहिल्याने तुम्हीच कायद्याच्या कचाट्यात सापडता. दुसऱ्याने जळक्या प्लास्टिकचा धूर तुमच्याच घरातल्या दम्याच्या म्हाताऱ्याच्या छातीत जातो.

मग करायचे काय? गप्प बसणे आणि गुद्द्यावर येणे यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि कामाचे सगळे तिथेच आहे.

सुरुवात बोलण्याने व्हावी, पण योग्य माणसाशी. भाडेकरूच्या पोरांवर डाफरण्यात अर्थ नाही, मालकाला गाठा. चहाला बोलवा आणि जाग्यावर आणून दाखवा. ‘भाऊ, तुमच्या खोलीला डबा नाही, गाडी येते तेव्हा घराला कुलूप असतं, तेवढी सोय करा’ असे नेमके मागणे करा. नुसते ‘घाण फार झाली’ म्हटले की तो मान डोलावतो आणि जातो.

तेवढ्याने न झाल्यास कागद. तारीख दिसेल असे फोटो, दोन-चार शेजाऱ्यांच्या सह्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. अर्जात प्लॉट किंवा घर क्रमांक, मालकाचे नाव, ढीग कुठे आहे, नाली कुठे तुंबते, हे लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. एकट्याची तक्रार भांडण ठरते, गल्लीची तक्रार प्रकरण होते. कचरा रस्त्यावर किंवा नालीत येऊन लोकांना त्रास होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येते. उपद्रव दूर करण्याचा आदेश तिथून निघू शकतो. रतलामच्या लोकांनी याच तरतुदीचा जुना अवतार, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, हाताशी धरला होता.

घरमालकांकडून अपेक्षा आहे ती फार नाही. खोली देताना दोन डबे द्या, महिन्याच्या भाड्यापुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. करार लेखी करा आणि त्यात कचऱ्याचे एक कलम घाला: वेगळा कचरा, गाडीतच कचरा, नाहीतर अनामत रकमेतून कपात. गाडीच्या वेळी घर बंद राहत असेल, तर भरलेला डबा दारात आणून ठेवायचा आणि गाडीत द्यायचा माणूस ठरवा. भाडे घ्यायला येता तेव्हा घराला मागून एक चक्कर मारा. आणि बांधकामाचा राडारोडा स्वतःच्या पैशाने उचला, कारण उकिरड्याला मुहूर्त तुम्हीच केलेला असतो. मोकळ्या प्लॉटच्या मालकांनी निदान कुंपण घालावे. जागेचे भाव वाढतात ते शेजारच्यांनी वस्ती राहती ठेवली म्हणून. त्यांच्याच नाकाशी घाण ठेवून नफा मोजणे शोभत नाही.

नगरपरिषदेकडेही दोन गोष्टी मागू या. विद्यार्थी आणि मजूर राहतात त्या भागात घंटागाडीची एक फेरी संध्याकाळी हवी. आणि भाड्याच्या घरांची नोंद ठेवून कचऱ्याची नोटीस भाडेकरूसोबत मालकालाही जावी. वारंवार तेच झाले, तर ढीग उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा ठराव सभागृहाने करावा. एकदा पैसा खिशातून गेला की दोन गल्ल्या पलीकडून वास यायला लागतो.

याने घरमालकांवर अन्याय होईल, असे कोणी म्हणेल. होणार नाही. भाडे हे उत्पन्न आहे, आणि उत्पन्नाबरोबर जबाबदारी येते. दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, मंगल कार्यालयाला आपण हाच नियम लावतो. खोल्यांची चाळ बांधून महिन्याला रक्कम उचलणाऱ्याला वेगळा न्याय का? घर भाड्याने देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. शेजाऱ्याची स्वच्छ हवा, कोरडी नाली आणि रात्रीची झोप त्या करारात कधीच नव्हती, ती देण्याचा हक्क त्याला नाही. तेव्हा पुढच्या वेळी ढीग दिसला की भाडेकरूचे गाव विचारू नका, घरमालकाचे नाव विचारा आणि अर्जावर तेच पहिले लिहा.