हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवता? अपडेट बंद करू नका, ही एक सेटिंग बदला

दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो, आणि व्हिडिओ तर एकही पाहिलेला नसतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांना हा अनुभव येतो. अनेकदा हा डेटा विंडोजच्या आपोआप डाउनलोड होणाऱ्या अपडेटमध्ये गेलेला असतो.

असे का होते?
लॅपटॉपला हॉटस्पॉट हे साधे वाय-फायच वाटते. डेटा मोजून मिळतो, हे त्याला सांगावे लागते. खरे तर नवा हॉटस्पॉट जोडताना विंडोजनेच हे विचारायला हवे.

काय करावे?
विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’मध्ये जा. जोडलेल्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. त्या नेटवर्कवर बहुतेक अपडेट आपोआप डाउनलोड होणार नाहीत. घरच्या ब्रॉडबँडवर मात्र ते नेहमीप्रमाणे होतील.

अपडेट कायमचे बंद केले तर?
मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ रॅन्समवेअरने जगभरातील संगणकांवरच्या फाइल्स लॉक करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो पसरला, ती दुरुस्त करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ते न घेतलेले संगणक सापडले.

म्हणून घरी ब्रॉडबँड नसेल, तर आठवड्यातून एकदा रात्री बाराच्या आत, उरलेला डेटा वाया जाण्यापूर्वी ‘विंडोज अपडेट’ उघडा आणि स्वतः डाउनलोड करा. डेटा वाचवताना सुरक्षा गमावणे परवडणारे नाही.