पाहणे आणि नमस्कार

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय मराठी घरात एक कागद तयार होतो. त्यावर एकाखाली एक गावांची नावे असतात, प्रत्येक नावापुढे किलोमीटरचा आकडा असतो आणि तळाला खर्चाची बेरीज असते. पाऊस ओसरलेला असतो, थंडी अजून बोचू लागलेली नसते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची बोंडे फुटत असतात. प्रवासाला याहून बरा काळ नाही. आणि कागदावरची नावे पाहिली तर त्यांतली बहुतेक देवस्थानांची असतात.

आमच्याही घरी असा कागद झाला. नेवासे, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, देवगिरी, अजिंठा आणि परतताना पैठण. चार दिवस, एक गाडी आणि सात माणसे. सर्वांत धाकटा चुलतभाऊ नऊ वर्षांचा, सर्वांत थोरली आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

या प्रवासाचे वर्णन करण्याचा माझा हेतू नाही. प्रवासवर्णने आपल्या अंकात दरवर्षी असतात. त्यांत घाट नागमोडी असतो आणि सूर्यास्त हमखास सोनेरी असतो. मला मांडायचा आहे तो या चार दिवसांत पडलेला एक प्रश्न. आपण मराठी माणसे धार्मिक स्थळी जातो तेव्हा नेमके काय करतो? माझे मत असे झाले आहे की, पाहणे आणि नमस्कार करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हेच आपण विसरलो आहोत. ज्याला आपण नमस्कार करतो त्याच्याकडे नीट पाहत नाही, आणि ज्याला नमस्कार करायचा नसतो ते तर पाहतच नाही. ‘दर्शन’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहणे. पण ‘दर्शन झाले का?’ या प्रश्नाला ‘झाले’ म्हणून उत्तर देणाऱ्यांपैकी कितीजणांना मूर्तीच्या हातात काय होते हे सांगता येईल?

नेवाशाचेच पाहा. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे आपण मानतो, तो पैसाचा खांब तेथे आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला ‘पैस’ हे नाव दिले ते या खांबावरूनच. मुळात हा एका जुन्या देवळाचा खांब. आजचे मंदिर त्याच्याभोवती पुष्कळ नंतर उभे राहिले. त्याच्यावर एक शिलालेख आहे, देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. आमच्या आजीने खांबाला कपाळ टेकले, तिचे डोळे भरून आले. तिच्या भक्तीपुढे मी कोण बोलणार? पण आमच्या मागेपुढे जी शेकडो माणसे आली आणि गेली, त्यांच्यापैकी एकानेही त्या अक्षरांशी थांबून ‘हे काय लिहिले आहे?’ असे विचारले नाही. कुणा एकाने दिव्याला तेल पुरावे म्हणून काही ठेवले आणि ते दगडावर कोरून ठेवले. पुढे त्याच दगडाला टेकून मराठीचा सर्वांत मोठा ग्रंथ सांगितला गेला. या दोन गोष्टी एका खांबावर एकत्र आल्या आहेत, हे कळल्याने नमस्कार उणा होतो की अधिक?

वेरूळला हा प्रश्न अधिकच टोचतो. तेथे ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सोळावे लेणे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, हा डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणला. आधी शिखर, मग सभामंडप, शेवटी पाया. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. येथे चुकीला जागाच नव्हती. इ. स. ८१२ च्या सुमाराच्या एका ताम्रपटात असे वर्णन आहे की, हे काम पुरे झाल्यावर करणाऱ्या कारागिरालाच आश्चर्य वाटले, आपल्या हातून हे झाले तरी कसे! त्या कारागिराचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही.

या कैलासाला आमच्या कागदाने चाळीस मिनिटे दिली होती. तेथून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्याचा जीर्णोद्धार आधी मालोजीराजांनी आणि पुढे अठराव्या शतकात होळकरांनी केला. तेथे रांगेत अडीच तास गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना ओढ आहे त्यांनी खुशाल पाच तास उभे राहावे. पण लाल दगडाच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहायला त्या अडीच तासांतली पाच मिनिटेही कुणी खर्चिली नाहीत, कारण सगळ्यांचे डोळे पुढच्या माणसाच्या पाठीवर होते.

कैलासात पूजा होत नाही, घंटा वाजत नाही. म्हणून तेथे माणसे मोकळी सुटतात. दगडी हत्तींवर मुले चढतात, आईबाप त्यांचे फोटो काढतात. शेजारच्या घृष्णेश्वरात मात्र तीच माणसे पायरीला हात लावून आत जातात. म्हणजे दगडाचा मान देवामुळे, देव उठला की दगड उघडा! आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जुन्या मूर्ती शेंदूर फासल्यामुळेच टिकल्या हे खरे. पण त्या शेंदराखाली त्यांचा चेहरा गेला हेही तितकेच खरे.

भाविकाची दृष्टी आंधळी असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट आमच्या सात जणांत कैलास खऱ्या अर्थाने पाहिला तो आजीने. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून ती दक्षिणेकडच्या बाजूला एका ठिकाणी बसली. समोर रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प. शिव निश्चिंत बसलेला, पार्वती घाबरून त्याला बिलगलेली, दासी पळत सुटलेली. आजीने नऊ वर्षांच्या नातवाला ती सगळी कथा बोट दाखवून सांगितली. “बघ, देवाच्या पायाचा अंगठा बघ. तेवढ्यानेच डोंगर दाबला त्यानं.” आम्ही बाकीचे भराभर पुढे गेलो होतो. तिला मूर्तिशास्त्र येत नाही, पण कथा येते, आणि कथा येत असली की डोळा थांबतो. तेव्हा पाहण्याला शत्रू भक्ती नाही, घाई आहे.

आणि दुसरा शत्रू म्हणजे ‘ते आपले नव्हे’ हा विचार. बौद्ध लेणी पाहू या असे मी म्हटले तेव्हा आमचे काका गाडीतच बसून राहिले. “ती आपली कुठे?” त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, नमस्कार करायचा नाही तर चढायचे कशाला, इतकाच साधा हिशेब होता. त्यामुळे दहाव्या लेण्याला ते मुकले. त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताच्या दगडात लाकडी फासळ्या असाव्यात तशा फासळ्या कोरल्या आहेत. लाकूडकामाची आठवण दगडाने जपली आहे. हे पाहायला बौद्ध असावे लागत नाही, डोळे असावे लागतात.

खुलताबादेत मात्र गाडीत चांगलीच वादावादी झाली. भद्रा मारुतीचे दर्शन कागदावर होते. झोपलेला मारुती क्वचितच पाहायला मिळतो, सर्वजण आनंदाने उतरले. पण त्याच गावात औरंगजेबाची कबर आहे, आणि ती पाहावी असे मी सुचवताच काका संतापले. “ज्याने संभाजीराजांचे तसे हाल केले, त्याच्या दारात मी पाऊल ठेवायचे?” त्यांचा राग मला समजतो. १६८९ ची ती हत्या आठवली की माझेही रक्त तापते. तरी मी म्हणेन की ती कबर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने पाहावी. जो बादशहा दख्खन जिंकायला आला, पंचवीस वर्षे येथे झुंजला आणि १७०७ मध्ये येथेच मेला, त्याला दिल्ली पुन्हा दिसली नाही. त्याची कबर उघड्या आकाशाखाली मातीची आहे. मराठ्यांच्या त्या दीर्घ लढ्याचा याहून बोलका पुरावा कोणता? पाहणे म्हणजे मान देणे नव्हे. न्यायाधीश पुरावा पाहतो तो काय त्याला हात जोडायला?

त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, त्याने खडकी वसवली आणि तिला नळाचे पाणी दिले. ती खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. भोसल्यांचे वेरूळ आणि अंबरची कबर यांत थोड्याच किलोमीटरांचे अंतर. पण रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांपैकी एखादीच तिकडे वळते. आमचीही वळली नाही.

यावर कुणी म्हणेल, अशा ठिकाणी सर्वधर्मसमभावाचा धडा घ्यावा. मला तो धडा इतका सोपा वाटत नाही. देवगिरीच्या किल्ल्यात एक विस्तीर्ण सभागृह आहे. त्यातले कित्येक खांब जुन्या देवळांचे. चौदाव्या शतकात तेथे मशीद झाली आणि १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली. एकाच छपराखाली तीन काळ, आणि ते एकमेकांना गोडीगुलाबीने जागा देत आले नाहीत. पण त्याच किल्ल्यावर सुलतानी चाकरीत असलेले जनार्दनस्वामी होते आणि पैठणहून त्यांच्याकडे शिकायला आलेला मुलगा पुढे संत एकनाथ झाला. मोडणेही येथलेच, जोडणेही येथलेच. ज्याला एकच बाजू सांगायची आहे त्याला दुसरी झाकावी लागते; आणि जो स्वतः जाऊन पाहतो त्याला कुणी फसवू शकत नाही. पाहणे महत्त्वाचे ते एवढ्यासाठी.

अजिंठ्याविषयी थोडेच लिहितो. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आज माणसाच्या उंचीपेक्षा बरेच वर आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचला होता आणि तो त्यावर उभा होता. जगाला अजिंठा पुन्हा ठाऊक झाला तो त्याच्यामुळे, आणि चित्रावर ओरखडा काढणाराही तोच. त्याच्यानंतर आपली कितीतरी नावे भिंतींवर चढली, पण एकानेही नवे लेणे शोधले नाही!

पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने तो भरला अशी श्रद्धा, म्हणून नाथषष्ठीच्या आधी भाविक स्वतः पाणी आणून तो भरतात. मला तो रांजण फार आवडला. देवाने पाणी वाहिले, ही कल्पना म्हणजे कष्टालाच केलेला नमस्कार आहे. याच नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. कैलास कोरणाऱ्या निनावी हातांना नमस्कार करायचा तर तो या रांजणापाशी करावा, असे मला वाटून गेले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार दिवस मिळतात. त्याला देव भेटला, मुले हसली, म्हातारीची इच्छा पुरी झाली, एवढे पुरे नाही का? त्याने काय टिपणवही घेऊन हिंडावे? नाही, हिंडू नये. मी अधिक काही करायला सांगत नाही, कमी करायला सांगतो. सात ठिकाणांऐवजी तीन घ्या. गाडीचा वेग तरुणांच्या उत्साहावर न ठरवता घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या गुडघ्यांवर ठरवा. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी कुणीतरी एकाने त्या जागेविषयी दहा पाने मोठ्याने वाचावीत. आणि जेथे हात जोडायचे नाहीत, तेथेही एकदा उतरावे.

आम्हा विद्यार्थ्यांवर याहून थोडी अधिक जबाबदारी आहे. वेरूळ-अजिंठ्याला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांची राखण करायला सरकार आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात मारुतीच्या देवळामागे एखादा वीरगळ उभा असतो. खालच्या पट्टीत लढाई, वर स्वर्गाला जाणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. त्याच्यावर कपडे वाळत असतात, नाहीतर म्हैस अंग घासत असते. त्याला पाहायला कुणी येत नाही, कारण तो देव नाही आणि यादीतही नाही. इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपापल्या गावच्या अशा दगडांची नोंद करून आणली, तर पुढच्या वर्षी या अंकाची चार पाने तिला देता येतील. त्यासाठी भाड्याची गाडी लागत नाही. सकाळी उठून देवळामागे जायचे, कपडे बाजूला करायचे आणि पाहायचे. नमस्कार करायचा की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.