पाण्याचे आणि फडक्याचे पैसे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सगळं लख्ख दिसतंय, आणि लख्ख दिसायला लागलं की राग येण्याच्या जागाही जास्त दिसतात! तर आज जरा भांडायचं आहे. कुणाशी? तुमच्याशीच. थोडं माझ्याशीही.

गेल्या रविवारची गोष्ट. मी भाजी घेऊन परत येत होते. आमच्या पार्किंगमध्ये माझा एक जुना विद्यार्थी गाडी धुऊन नुकताच मोकळा झाला होता. (नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही.) २००५ च्या आसपास तो माझ्याकडे सातवीला होता. पुढे एका कारखान्यात कंत्राटावर लागला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते काम गेलं. तेव्हापासून जुन्या मारुती व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, प्रेशरचा पंप, व्हॅक्यूम घालून लोकांच्या दारात जाऊन गाड्या आतून-बाहेरून साफ करून देतो. ह्याला डिटेलिंग म्हणतात हे मलाही त्याच्याकडूनच कळलं.

समोर बी विंगमधले एक गृहस्थ उभे. "हजार? अरे, पाणी आणि फडकं, त्याचे हजार? आठशे घे." हा मान खाली घालून म्हणाला, "बरं काका, द्या आठशे."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काकांपेक्षा जास्त राग मला ह्याचा आला. सदतीस वर्षं मी पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. नफा-तोटा शिकवला, काळ-काम-वेग शिकवलं. आणि माझाच विद्यार्थी भर पार्किंगमध्ये उभा राहून उदाहरण चुकवतोय!

त्याला वर बोलावला. चहा टाकला. विचारलं, "एका गाडीला तुझा खर्च किती येतो?"

"केमिकल, कापडं मिळून दीडेकशे. आणि पेट्रोलचे सव्वाशे धरा बाई."

"म्हणजे हजारातले सव्वासातशे तुला सुटतात?"

"हो ना."

"मग घर कशावर चालतं?"

गप्प बसला. घर वडिलांच्या पेन्शनवर चालतं. म्हटलं, काढ वही.

महिन्याचा हिशोब मांडला. व्हॅनचा हप्ता ६,५००. पेट्रोल ५,०००. शाम्पू, केमिकल, कापडं ६,०००. मदतीला एक मुलगा आहे, त्याचा पगार १४,०००. विमा, फोन, व्हॅनची किरकोळ दुरुस्ती २,५००. इथे तो थांबला. मी म्हटलं, अजून एक राहिलं. पंप, व्हॅक्यूम, पॉलिशचं मशीन मिळून ७२,००० चं सामान आहे ना? किती वर्षं टिकेल? म्हणाला, तीन. मग महिन्याला २,००० ची झीज. ती आज खिशातून जात नाही म्हणून दिसत नाही, पण तीन वर्षांनी पंप बंद पडला की एकदम दिसते. एकूण ३६,०००.

आता गाड्या किती? "रोजच्या तीन," म्हणाला छाती काढून. म्हटलं डायरी दाखव. वर्षाच्या निघाल्या ४८०. पावसाळ्यात गाडी धुवायला कोण बोलावतो? महिन्याला सरासरी ४०. छत्तीस हजार भागिले चाळीस, नऊशे.

एका गाडीला नऊशे रुपये खर्च. त्यात त्याची स्वतःची मजुरी शून्य! हजाराने शंभर उरतात, महिन्याचे चार हजार. हाताखालचा मुलगा चौदा हजार घेऊन जातो आणि मालक चार. आणि आठशे घेतले तर? बी विंगमधल्या काकांची गाडी त्याने पदरचे शंभर रुपये घालून धुऊन दिली.

तो बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, मला वाटायचं मी आळशी आहे म्हणून पैसे उरत नाहीत. आईला म्हटलंय, पुढच्या महिन्यात व्हॅन विकतो."

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते लिहीत नाही. असो.

आता तुमच्याकडे वळते. "पाणी आणि फडकं" म्हणणाऱ्यांनी कधी ते काम उभं राहून बघितलंय का? मी बघितलं, मुद्दाम खुर्ची टाकून. आधी गाडीवर फेस मारतो आणि तो तसाच थोडा वेळ ठेवतो, म्हणजे धूळ सुटते. मग पाण्याच्या झोताने ती वाहून जाते. तोवर गाडीला हात लावत नाही. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक नुसती हातमोजा खळबळायला, म्हणजे काढलेली माती परत गाडीवर जात नाही. आपल्याकडे रोज सकाळी जो कोरड्या नाहीतर एकाच बादलीतल्या गढूळ फडक्याने गाडी पुसली जाते, ती धूळ रंगावर घासली जाते. काळी गाडी उन्हात उभी करून बघा, बारीक गोल गोल ओरखडे दिसतील. काकांची काळीच आहे, मी त्यांना दाखवले. (ते काही बोलले नाहीत.) मग आतलं काम. मॅट काढून धुणं, सीटच्या फटीतल्या चकल्या-शेवेचा भुगा, नातवंडांनी सांडलेलं दूध. छोट्या गाडीला दोन माणसांचे अडीच तास, सात सीटच्या गाडीला चार. आणि कापडं घरी नेऊन वेगळी धुवायची, ती कुणी मोजतच नाही.

बरं, पाणीही आपलं नाही. इथे पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा आमच्या सोसायटीने ठराव केला की गाड्या धुवायला नळाचं पाणी द्यायचं नाही. ठराव योग्यच आहे. बंगळुरूला तर मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला होता. पण मग तो टाकी भरून आणतो, ते वजन व्हॅन ओढते, त्याला पेट्रोल लागतं. ठराव करणाऱ्यांत काकाही होते. पाणी द्यायचं नाही आणि पाण्याचे पैसेही द्यायचे नाहीत!

हिशोब पुढे नेला. महिन्याला तीस हजार स्वतःला मिळावेत असं तो म्हणाला. बायको, एक मुलगी आणि म्हातारे आईवडील असलेल्या माणसाने तीस हजार मागणं ही काही हाव नव्हे. छत्तीस आणि तीस, सहासष्ट हजार. भागिले चाळीस, १,६५०. ह्यातले ७५० त्याचे. आता तुम्ही सहज म्हणता, "वीस टक्के कमी कर." सोळाशे पन्नासचे वीस टक्के म्हणजे ३३०. ते व्हॅनच्या हप्त्यातून कमी होत नाहीत, मदतनीसाच्या पगारातून होत नाहीत. ते त्याच्या साडेसातशेतून जातात. तुमचे वीस टक्के म्हणजे त्याच्या मजुरीचे चव्वेचाळीस टक्के. तुमच्या पगारातून कुणी चव्वेचाळीस टक्के हसत हसत कापून मागितले असते तर?

हे मी फोनवर ठाण्याच्या भाच्याला सांगितलं. तो एमबीए. म्हणाला, "आत्या, भाव बाजार ठरवतो. वाढवला तर गिऱ्हाईक पळेल." मलाही धास्ती वाटली, खोटं कशाला बोलू. रात्री परत वही घेऊन बसले. गाडी आली तरच होणारा खर्च २७५ रुपये. गाड्या आल्या न आल्या तरी होणारा खर्च महिन्याला २५,०००. सोळाशे पन्नास भाव केला आणि दहा गिऱ्हाइकं तुटली, तर तीस गाड्यांचे ४९,५०० येतील, खर्च ३३,२५०, उरले १६,२५०. म्हणजे काम पाऊण आणि कमाई चौपट. अगदी एकवीस गाड्यांवर आला, तरी ३,८७५ उरतात, आज चाळीस गाड्या धुऊन जेवढे उरतात जवळजवळ तेवढेच. आणि कंबर कमी दुखेल. भाच्याला हे आकडे पाठवले. "इंटरेस्टिंग" असं उत्तर आलं.

शेजारचा कमी घेतो म्हणून आपण कमी घ्यायचं, ह्यावर हा पोरगा चार वर्षं चालला. शेजारच्यानेही कधी वही मांडलेली नसते! तो ह्याच्याकडे बघून भाव ठरवतो आणि हा त्याच्याकडे बघून. परीक्षेत एकमेकांच्या पेपरात डोकावणारी दोन पोरं असतात ना, दोघांचंही उत्तर चुकीचं, तसं.

मात्र ह्या धंद्यातल्या सगळ्यांची वकिली मी करणार नाही. गाडीवरचा बिल्ला बघून भाव सांगणारेही आहेत. सिरॅमिक कोटिंग मारलं की कधीच ओरखडा येणार नाही म्हणून हजारो रुपये घेणारेही आहेत. त्या थराने चमक राहते, पाणी ओघळून जातं, धुणं सोपं होतं, पण ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला तर टवका जायचा तो जातोच. म्हणून त्याला मी बजावलं, भाव तासावर सांग, तोंड बघून नको. सहासष्ट हजार, महिन्याला सरासरी एकशेवीस तास काम, तासाला ५५०. छोटी गाडी अडीच तास, १,४००. सात सीटची चार तास, २,२००. कुत्र्याचे केस असतील तर आधी गाडी बघ, मग आकडा सांग. एका दिवशी एकाच सोसायटीत तीन गाड्या मिळाल्या तर सूट जरूर दे, कारण तिथे तुझी चक्कर खरंच वाचते. आणि कुणाला चौदाशे परवडत नसतील तर फक्त बाहेरून धुऊन दे, एका तासाचे पैसे घे. पूर्ण काम आणि अर्धे पैसे हे मात्र बंद.

आता माझी पाळी. आमची वॅगन-आर गेली दोन वर्षं तो दर तीन महिन्यांनी पाचशेत करून देत होता. "बाई, तुमच्याकडून काय घ्यायचं?" आणि मी, सदतीस वर्षं नफा-तोटा शिकवलेली बाई, दर वेळी कौतुकाने हसून पाचशेची नोट देत होते. वर डब्यात चार लाडू. आठ वेळा झालं. नऊशेतून पाचशे गेले, चारशे. आठ चोक बत्तीस. बत्तीसशे रुपये मी त्या पोराचे खाल्ले, आणि मजुरी धरली तर त्याहून जास्त. काका निदान तोंडावर घासाघीस करत होते. मी तर त्याच्या आदराचीच सूट घेत होते.

परवा त्याने वॅगन-आर धुतली. मी चौदाशे मोजून दिले. घेईना. मी म्हटलं, "सातवीत असतास तर कान धरला असता." घेतले. मागची बाकी मात्र काही केल्या घ्यायला तयार नाही. त्यावर अजून आमची बोलणी चालू आहेत. व्हॅन तूर्त विकलेली नाही.

नवं दरपत्रक मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, सेक्रेटरींच्या परवानगीने लिफ्टशेजारी लावलंय. खाली कुणीतरी पेनाने "फारच!" असं लिहून ठेवलंय. अक्षर ओळखीचं आहे.

आणि हो, आमचे मेहुणे हे वाचतातच. त्यांनी पुढच्या शनिवारी गाडी धुवायला त्याचा नंबर मागितलाय. सात सीटची आहे, चार तास, बावीसशे. शिवाय घरात कुत्रा आहे.